नितळ पाणी आणि शुद्ध पाणी



गेल्या पालक-शिक्षक सभेत पिण्याच्या पाण्याचा विषय निघाला आणि बराच वेळ चालला. एका पालकांनी शाळेला आर.ओ. यंत्र देणगी म्हणून देण्याची तयारी दाखविली. त्याबद्दल आम्ही त्यांचे मनापासून आभारी आहोत. दुसरे पालक म्हणाले की त्यांच्या आजोबांनी जन्मभर बांयचे पाणी प्यायले आणि नव्वदी पाहिली. एका मातेने विचारले की नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, तो मुलांना बाधत नाही ना? तिन्ही मुद्दे विचार करण्यासारखे आहेत. सभेत पाच मिनिटांत त्यांचे उत्तर देणे शक्य नव्हते, म्हणून या अंकातील आमची दोन पाने याच विषयाला दिली आहेत. विश्वस्त मंडळाला पावसाळ्यापूर्वी पाण्यावरील खर्चाचा निर्णय घ्यायचा आहे. तो घेताना सर्वांना मागची कारणे माहीत असावीत, ही आमची इच्छा.

पाणी शुद्ध करायचे म्हणजे त्यातून काय काढायचे, हे आधी ठरवावे लागते. पाण्यातली अशुद्धी ढोबळमानाने तीन प्रकारची असते. एक, तरंगणारी किंवा गढूळपणा आणणारी: माती, पालापाचोळा, खनिजाची धूळ. ही डोळ्यांना दिसते. दुसरी सजीव: जीवाणू, विषाणू, जंतांची अंडी. ही दिसत नाही, वासाला येत नाही, चवीलाही लागत नाही. तिसरी विरघळलेली: मीठ, चुना, लोह. ही दिसत नाही, पण पुष्कळदा जिभेला कळते. एका प्रकारावर जो उपाय चालतो तो दुसऱ्यावर चालेलच असे नाही. बाजारातली जाहिरात मात्र सर्व रोगांवर एकच औषध असल्यासारखी बोलते.

गढूळपणापासून सुरुवात करू, कारण डिचोलीच्या माणसाला तो शिकवावा लागत नाही. आपल्या तालुक्यात कित्येक वर्षे लोहखनिजाच्या खाणी चालल्या. पहिल्या पावसात टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यांवरून येणारे लाल पाणी ओहोळांतून, शेतांतून नदीत उतरताना आजच्या पालकांनी पाहिले आहे. २०१२ च्या सप्टेंबरात खाणकाम थांबले, मध्यंतरी पुन्हा चालू झाले, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१८ च्या मार्चपासून परत बंद झाले आणि नव्या लिलावानंतर २०२४ साली डिचोलीच्या पट्ट्यात फिरून काम सुरू झाले. खाण असावी की नसावी हा वाद या पानांवर नको. आपल्या शाळेतल्या अनेक घरांची चूल ट्रकवर आणि बार्जवर पेटत होती, हे आम्ही जाणतो. इथे प्रश्न एवढाच की ते लाल पाणी हंड्यात भरून ठेवले, तर ते आपोआप निवळते का?

काही अंशी निवळते, आणि मग निवळणे थांबते. याचे कारण कणांच्या आकारात आहे. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात एक फूट खाली जायला पाऊण मिनिटही घेत नाही. त्याच्या दहावा हिस्सा आकाराचा गाळाचा कण तेवढ्याच अंतरासाठी अर्धा तास घेतो. आणखी दहापट बारीक कण दोन दिवसांहून अधिक वेळ घेतो, आणि त्याहून दहापट बारीक चिकणमातीचा कण महिनोन्‌महिने घेतो. शिवाय मातीच्या या अतिबारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो. सर्वांवर सारखाच भार असल्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात, एकत्र येऊन जड होत नाहीत, आणि पाणी दिवसेंदिवस तांबूस राहते. कापडाने गाळले तरी हे कण धाग्यांमधून सहज निसटतात.

इथे तुरटी कामाला येते. हिंदीत तिला फिटकरी म्हणतात. आमच्या कॉलेजच्या पुस्तकांत हाच शब्द असायचा, आणि गोव्यात नोकरीला आल्यावर पहिली काही वर्षे वर्गात तोच तोंडून निघायचा. तुरटीत ॲल्युमिनियम असते. पाण्यात विरघळल्यावर त्याचे धन भार असलेले आयन मातीच्या कणांचा ऋण भार मारून टाकतात. त्याच वेळी पाण्यातल्या क्षारांशी क्रिया होऊन ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा चिकट साका तयार होतो. कण त्याला चिकटतात, कापसाच्या पुंजक्यांसारखे गोळे बनतात आणि तळाशी बसतात. यासाठी तुरटी फार थोडी लागते. वीस लिटरच्या हंड्याला अर्धा ग्रॅमसुद्धा सहसा पुरे होतो. म्हणून खडा पाण्यात तीन-चार वेळा फिरवून बाहेर काढावा, आतच टाकून ठेवू नये, आणि पाणी तासभर न हलवता ठेवून वरचे नितळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे. पुष्कळ घरांत तुरटी फिरवली की लगेच त्यातूनच पाणी काढतात; मग पुंजके बसायला अवकाश मिळत नाही.

आपल्या पूर्वजांकडे तुरटीशिवाय निवळीचे बी होते. ते मातीच्या भांड्याच्या आतल्या बाजूला घासून वर पाणी ओतीत, आणि पाणी निवळे. झाडाला निवळी हे नाव त्यावरूनच पडले. शेवग्याच्या बियांची पूडही तसेच काम करते, कारण त्यांतल्या प्रथिनावर धन भार असतो. मोठ्या मुलांनी प्रयोगशाळेत हे जरूर करून पाहावे. शेवगा आपल्या प्रत्येक परसात आहे. मात्र शेवग्याच्या पुडीचे पाणी जास्त वेळ साठवू नये, त्याला वास येतो.

डिचोली तालुक्याच्या मोठ्या भागाला साखळीजवळच्या पडोशे प्रकल्पातून पाणी मिळते, अस्नोड्याचा प्रकल्प शेजारी आहे आणि पेडण्याला चांदेलचा. दोडामार्गातील तिळारी धरणाचे पाणीही कालव्यांनी आपल्या भागाला येते. या प्रकल्पांत जे घडते ते हंड्यातल्या तुरटीचेच मोठे रूप आहे. नदीचे पाणी आत आले की त्यात तुरटीसारखे औषध वेगाने मिसळतात, मग संथपणे ढवळतात, जेणेकरून पुंजके मोडू नयेत आणि वाढावेत. त्यानंतर पाणी मोठ्या टाक्यांत निवळायला सोडतात, वाळूच्या थरांतून गाळतात, आणि शेवटी क्लोरीन देतात. वाळूचा थर काही तासांनी चोंदतो. तेव्हा उलट दिशेने पाणी सोडून तो धुवावा लागतो. पावसाळ्यात नदी फार गढूळ झाली की औषध जास्त लागते आणि वाळू वारंवार धुवावी लागते, त्यामुळे नळाला कमी पाणी सोडता येते. आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडत असताना नळ कोरडा का, असे पालक विचारतात. त्याचे एक कारण हे आहे.

आपल्या जांभ्याच्या प्रदेशातील पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. तुरटीची क्रिया नीट व्हायला पाण्यात थोडी अल्कता लागते. ती कमी असेल तेथे चुन्याचीही मात्रा द्यावी लागते. किती तुरटी आणि किती चुना, हे रोजच्या पाण्यावर ठरते. सहा काचपात्रांत एकच पाणी घेऊन प्रत्येकात वेगळी मात्रा घालायची, ढवळायचे, आणि कोणते लवकर निवळते ते पाहायचे. याला जार टेस्ट म्हणतात. जलप्रकल्पातले काम किती काटेकोर आहे हे मुलांना कळावे, म्हणून आठवीच्या वर्गाने जूनमध्ये ही चाचणी करावी असे विज्ञान शिक्षकांना सुचविले आहे.

तुरटीने पाणी आरशासारखे झाले, तरी ते पिण्यायोग्य झाले असे नाही. पुंजक्यांबरोबर काही जंतू खाली बसतात. बाकीचे त्या नितळ पाण्यातच राहतात. आणि याची सर्वांत मोठी साक्ष आपल्याच गोव्यात उभी आहे.

जुने गोवे म्हणजे एकेकाळी पूर्वेकडचे मोठे वैभवशाली शहर. आज तिथे चर्च उभी आहेत, भोवती शहर नाही. इतिहासकार या ऱ्हासाची अनेक कारणे सांगतात. व्यापार डच लोकांकडे गेला हे एक. परंतु साथींचे रोग हे त्यांतले प्रमुख कारण होते, आणि साथींमागे पाणी होते. शहराखालचा जांभा दगड सच्छिद्र. सांडपाण्याची व्यवस्था नाही. घरांच्या संडासाचे पाणी जमिनीत मुरे आणि जवळच्या विहिरीत झिरपे. विहिरीचे पाणी दगडातून गाळून आल्यामुळे दिसायला नितळ असे. गास्पार कोर्रेया या पोर्तुगीज इतिहासकाराने १५४३ सालच्या गोव्यातील भयंकर साथीचे वर्णन केले आहे. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगावर एक प्रकरण लिहिले. स्थानिक लोक या रोगाला जे म्हणत, तो आपला 'मोडशी' हा शब्द. पोर्तुगिजांनी त्याचे 'मोर्देशी' केले आणि फ्रेंचांनी तर ऐकण्याच्या घोळात 'कुत्र्याचे मरण' असा अर्थ होणारा शब्द बनविला. आजही घरात पोट बिघडले की आजी मोडशी म्हणते. तिला ठाऊक नसते की हा शब्द सातासमुद्रापार जाऊन आला आहे. शेवटी १७५९ साली व्हाइसरॉयने आपले बिऱ्हाड पणजीला हलविले आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली.

त्या काळी रोगाचे कारण दूषित हवेत आहे असे मानीत. लंडनमध्ये १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी एका सार्वजनिक पंपाभोवतीचे मृत्यू नकाशावर मांडून पटकीचा संबंध पाण्याशी आहे हे दाखविले, आणि रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कोलकात्यात पटकीचा जीवाणू वेगळा काढून ओळख पटविली. तोपर्यंत जुन्या गोव्यात वस्तीच राहिली नव्हती.

आम्ही हा इतिहास एवढ्या विस्ताराने का सांगतो? कारण डिचोली आणि पेडणे दोन्ही तालुक्यांचा बराचसा भाग त्याच जांभ्यावर वसला आहे. जांभ्याच्या भेगांतून आणि छिद्रांतून पाणी झपाट्याने धावते. वाळूत जशी गाळण होते तशी त्यात होत नाही. विहीर आणि शोषखड्डा यांत किमान १५ मीटर, म्हणजे सुमारे ५० फूट अंतर असावे असा सर्वसाधारण नियम आहे. आमच्या मते जांभ्यात ते याहून जास्त असावे, आणि शोषखड्डा उताराच्या खालच्या अंगाला असावा. आज पूर्वी एक घर होते तिथे भावाभावांची चार घरे झाली आहेत, प्रत्येकाचा संडास वेगळा, आणि बांय मात्र मधोमध तीच जुनी आजोबांची. आजोबांनी तेच पाणी पिऊन नव्वदी गाठली हे खरेच असेल. पण आजोबांच्या वेळी त्या बांयभोवती चार शोषखड्डे नव्हते.

विहिरीतले जंतू मारण्याचा आपल्या आवाक्यातला उपाय म्हणजे ब्लीचिंग पावडर. गावोगावी ती टाकतात, पण 'दोन मुठी' अशा हिशेबाने. वास्तविक हा गणिताचा विषय आहे आणि सातवीचे मूल तो सोडवू शकते. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजावा, दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजावी. व्यासाचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले ३.१४, भागिले ४: इतके घनमीटर पाणी. समजा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर खोल आहे. ९ गुणिले ४ गुणिले ३.१४ भागिले ४, म्हणजे २८.२६ घनमीटर, लिटरमध्ये २८,२६०. दर हजार लिटरला चांगली ब्लीचिंग पावडर अडीच ग्रॅम धरली, तर सुमारे ७० ग्रॅम पावडर लागेल. ही मात्रा बऱ्यापैकी स्वच्छ पाण्याची आहे; गढूळ पाण्यात क्लोरीन आधी गाळावरच खर्च होते आणि जंतूंसाठी उरत नाही. म्हणूनच निवळणे आधी आणि क्लोरीन नंतर, हा क्रम कोणत्याही प्रकल्पात बदलत नाही.

पावडर थेट विहिरीत भिरकावू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ पेस्ट करावी, मग पाणी वाढवून ढवळावे आणि पाच-दहा मिनिटे ठेवावे. खाली चुना बसतो, तो टाकून द्यावा. वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली विहिरीत पाण्याखाली सोडून वर-खाली हलवावी, म्हणजे औषध सर्वत्र पोहोचते. निदान एक तास पाणी काढू नये. रात्री टाकून सकाळी वापरणे उत्तम. पावडर जुनी नसावी. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के उपयोगी क्लोरीन असते, पण उघड्या पिशवीत दमट हवेत ते उडून जाते. गोव्याच्या पावसाळ्यात अशी पिशवी दोन महिने कोपऱ्यात पडली, तर नंतर आपण विहिरीत केवळ चुना घालीत असतो.

आता वासाविषयी. नळाच्या पाण्याला जो औषधी वास येतो तो क्लोरीनचा. भारतीय मानकाप्रमाणे नळापर्यंत पोहोचलेल्या पाण्यात एका लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे. हा शिलकी अंश फुकट जात नाही. वाटेत नवा जंतू शिरला तर त्याचा समाचार तोच घेतो. हे आपल्याकडे महत्त्वाचे आहे. २०२२ साली गोवा हे प्रत्येक ग्रामीण घराला नळ असलेले पहिले प्रमाणित राज्य ठरले, ही अभिमानाची गोष्ट. परंतु अनेक गावांत पाणी चोवीस तास नसते. नळ बंद असताना वाहिनीतला दाब नाहीसा होतो आणि जिथे जोड सैल असेल तिथून बाहेरचे गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून पाणी आल्यावरची पहिली दोन मिनिटे ते झाडांना घालावे. वास नको असेल तर भांडे थोडा वेळ झाकणाशिवाय, जाळीच्या फडक्याखाली ठेवावे. वास उडून जातो. नळाला मुळीच वास येत नसेल, तर आम्हांला त्याची अधिक काळजी वाटेल.

क्लोरीनच्या मर्यादेचेही एक उदाहरण सांगायला हवे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या प्रवाहात बदल होऊन सांडपाणी शहराच्या पाणी उपसा केंद्राकडे ओढले गेले. अधिकाऱ्यांनी क्लोरीन वाढविले. त्यामुळे जीवाणूंचे रोग फारसे वाढले नाहीत, परंतु पुढील आठवड्यांत कावीळ झालेल्यांची संख्या सुमारे २९ हजारांवर गेली. ती आज हिपॅटायटिस-ई म्हणून ओळखली जाणारी कावीळ होती. घाण आधी आत येऊ द्यायची आणि मग औषधाने तिच्याशी झुंजायचे, हा मार्ग मोठ्या राजधानीलाही परवडला नाही.

घरगुती उपायांपैकी उकळणे सर्वांत भरवशाचे. पाण्याला खळखळून उकळी फुटली की एक मिनिट पुरे. अर्धा तास गॅस जाळण्याची गरज नाही. उकळलेले पाणी त्याच भांड्यात झाकून थंड करावे आणि ओगराळ्याने घ्यावे, कारण त्यात शिलकी औषध नसते आणि बुडविलेला हात ते पुन्हा दूषित करतो. जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळण्याची आपल्या बायकांची रीतही अडाणी नव्हती. बांगलादेशातील खेड्यांत झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिच्यामुळे पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटल्याचे दिसले, कारण पटकीचे जीवाणू पाण्यातल्या बारीक जलचरांना चिकटून राहतात आणि ते जलचर कापडात अडकतात. अर्थात साडीने सगळे जंतू अडत नाहीत. यू.व्ही. दिव्याचे यंत्र चांगले आहे, परंतु पाणी गढूळ असेल तर किरण आत पोहोचत नाहीत, आणि वीज गेली की काम थांबते. पेडणे-डिचोलीच्या जून-जुलैत वीज किती वेळा जाते हे लिहायला नको.

राहिली विरघळलेली अशुद्धी. तिच्यातल्या मिठावर तुरटी, वाळू, क्लोरीन, उकळणे यांपैकी कशाचाही परिणाम होत नाही. उकळल्याने तर पाणी आटून मीठ उलट दाट होते. पेडण्यातील मुलांनी आगरवाड्याची मिठागरे पाहिली आहेत. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मिठागरात ऊन पाण्याची वाफ करते आणि मीठ खाली राहते. मिठागरवाल्याला मीठ हवे असते, वाफ तो सोडून देतो. ती वाफ धरून थंड केली तर शुद्ध पाणी मिळेल. त्यालाच ऊर्ध्वपातन म्हणतात, आणि ढगही हेच करतात. इंधन फार लागत असल्याने घरोघरी ते शक्य नाही. आर.ओ. यंत्रात पाणी दाबाने अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलतात. पाणी पार जाते, क्षार मागे राहतात. किनाऱ्यालगतच्या ज्या विहिरींचे पाणी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होते, तिथे हे यंत्र उपयोगाचे आहे.

लोहाचे वेगळे आहे. काही बोअरचे पाणी काढताना नितळ असते आणि तासाभराने पिवळे-तांबडे होते. त्याचा चहाही काळसर होतो. त्यातले विरघळलेले लोह हवेशी संयोग पावून गंजासारखे बाहेर पडते. असे पाणी उंचावरून धार धरून हवेशी खेळवावे, निवळू द्यावे आणि वाळूतून गाळावे. यासाठी महागडे यंत्र लागत नाही.

आता आपल्या शाळेचा प्रश्न. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे स्वीकारार्ह आहे. आपल्या नळाचे पाणी नदीचे आणि धरणाचे, पावसाने भरलेले. शाळेच्या मीटरवर ते या मर्यादेच्या पुष्कळ खाली दिसते. ज्यात काढण्याजोगे क्षारच नाहीत त्या पाण्याला आर.ओ. लावले, तर एका लिटरमागे दोन-तीन लिटर चांगले पाणी गटारात जाईल आणि क्लोरीनचे संरक्षणही निघून जाईल. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही २०१९ च्या मे महिन्यात, ५०० हून कमी क्षार असलेल्या ठिकाणी आर.ओ. वापरू देऊ नये असेच म्हटले होते. म्हणून देणगीदार पालकांना आमची नम्र विनंती आहे की त्यांनी तीच रक्कम दुसऱ्या कामाला द्यावी.

ते काम दिसायला भव्य नाही आणि त्यावर नावाची पाटीही नीट बसणार नाही. मुलांच्या मुतारीमागचा शोषखड्डा विहिरीपासून ३८ फुटांवर आहे. आम्ही टेप धरून मोजला. तो मैदानाच्या खालच्या कोपऱ्यात न्यायला हवा. विहिरीचा कठडा वर घेऊन भोवती उताराची सिमेंटची पट्टी करायला हवी, म्हणजे पावसाचे पाणी आत वळणार नाही. तोंडाला जाळी हवी. जमिनीखालच्या टाकीचे झाकण फुटले आहे, ते बदलून टाकी वर्षातून दोनदा धुवावी लागेल. पिण्यासाठी केवळ नळाचे पाणी, आणि विहिरीचे हात-पाय धुण्यास व बागेस, असे दोन वेगळे नळजोड हवेत. विश्वस्त मंडळापुढे याचा अंदाजित खर्च ठेवला आहे. मंडळाने मान्यता दिल्यास शोषखड्ड्याचे काम मे महिन्यातच उरकावे लागेल, कारण पाऊस सुरू झाल्यावर जांभा खणता येतो पण खड्ड्यात पाणी उभे राहते.

दरम्यान घरच्या पाण्याची तपासणी आपण शाळेतच करणार आहोत. यासाठी एक साधी चाचणी आहे, १९८२ साली भारतीय शास्त्रज्ञांनीच प्रसिद्ध केलेली. औषध लावलेल्या कागदाच्या पट्टीच्या बाटलीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचे. पाणी काळे पडले तर त्यात विष्ठेतून येणारे जीवाणू असण्याची शक्यता मोठी. ही चाचणी अंतिम नव्हे. ज्यांची बाटली काळी होईल त्यांचे पाणी पुढे प्रयोगशाळेत पाठविण्याची व्यवस्था करू, आणि निकाल फक्त त्या घरालाच कळवू, वर्गात वाचून दाखविणार नाही. सहावी ते दहावीच्या मुलांनी येत्या शनिवारी सकाळी उकळत्या पाण्याने धुतलेली काचेची छोटी बाटली घरच्या पाण्याने भरून आणावी. बाटलीला आतून बोट लावू नये. चिठ्ठीवर नाव, गाव, पाणी नळाचे की बांयचे की बोअरचे, आणि बांयचे असल्यास जवळचा शोषखड्डा किती पावलांवर आहे, एवढे लिहावे. पावले मोठ्या माणसाने मोजावीत.